अमेरिकेतल्या कॉलेज मुलींची सॉफ्टबॉल चॅम्पियनशिप नक्की कधीपासून धरायची? १९६९ की १९८२?

शॉर्टस्टॉप_जळगाव

नमस्कार मंडळी. क्रिकेटच्या धाग्यांच्या गर्दीत हे कोणी वाचेल की नाही माहीत नाही, तरी विचारते. मी कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळायचे, युनिव्हर्सिटीकडून इंटर-युनिव्हर्सिटीला पण गेले होते. जळगावात या खेळाचं वेड बऱ्यापैकी आहे हे इथल्या खानदेशवाल्यांना सांगायला नको. आमच्या जुन्या टीमचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, एरवी तिथे गुड मॉर्निंग आणि पोरांचे वाढदिवस एवढंच चालतं, पण मे संपत आला आणि अमेरिकेतली ती वुमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज जवळ आली की सगळ्या एकदम जाग्या होतात, मग रात्री जागून स्कोअर बघणं, क्लिपा टाकणं, अंपायरला शिव्या घालणं सगळं रीतसर सुरू.

तर यंदा भांडण लागलं. एकीने टाकलं की ॲरिझोना स्टेटने चार वेळा नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलीय, युनिव्हर्सिटी स्वतःच तसं सांगते. दुसरीने लगेच एनसीएएची, म्हणजे तिकडच्या कॉलेजांच्या खेळांच्या मोठ्या संघटनेची, विजेत्यांची यादी चिकटवली, ती १९८२ पासून सुरू होते आणि त्यात ॲरिझोना स्टेट फक्त दोनदा दिसतं, २००८ आणि २०११. मग उरलेल्या दोन कुठून आल्या? मी जरा खोदलं तर कळलं १९७२ आणि १९७३. आणि त्याच्याही मागे गेलं तर १९६९, ७० आणि ७१ अशी लागोपाठ तीन वर्षं जॉन एफ. केनेडी कॉलेज नावाच्या कॉलेजने जिंकलीयत, गाव वाहू, राज्य नेब्रास्का. आता हे कॉलेज शोधायला गेलं तर कॉलेजच नाही!! म्हणजे पहिली तीन वर्षं चॅम्पियन असलेलं कॉलेजच गायब.

म्हणून विचारते की १९८२ च्या आधी ही स्पर्धा भरवायचं कोण, आणि ती आजच्या स्पर्धेचीच सुरुवात धरायची का ते काहीतरी वेगळं प्रकरण होतं, आणि हे वाहूवाले कोण, आणि कोणाला माहीत असेल तर तेव्हाचा खेळ कसा असायचा तेही सांगा, कारण मला त्यातच जास्त रस आहे. आमच्या ग्रुपवर दोन तट पडलेत आणि दोन्हीकडून मला मेसेज येतायत की तूच काय ते शोधून सांग.

ओमाहाकर

ताई, तुम्ही बरोबर गावातल्या माणसाला गाठलंत. मी बरीच वर्षं नेब्रास्कातल्या ओमाहात आहे, नोकरी आयटीतलीच, पण इथे राहून बेसबॉल-सॉफ्टबॉलपासून लांब राहता येत नाही. भारतात ओमाहा म्हटलं की लोकांना फक्त वॉरन बफे आठवतो, इथल्या माणसाला विचाराल तर तो आधी कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणेल. मुलांच्या बेसबॉलची ती स्पर्धा १९५० पासून याच गावात होतेय. आधी रोझनब्लॅट स्टेडियमवर व्हायची, आता गावात मध्यभागी नवं स्टेडियम झालंय तिथे होते. जूनमध्ये सगळं गाव पार्किंग लॉट झालेलं असतं.

तर तुमची १९६९ ची स्पर्धा पण इथलीच. मुलांची आपल्या गावात होते मग मुलींची का नको, असा साधा हिशोब. अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनची इथली मंडळी आणि युनिव्हर्सिटी ऑफ नेब्रास्का ॲट ओमाहामधल्या फिजिकल एज्युकेशनच्या एक बाई, कॉनी क्लॉसन, यांनी मिळून ती उभी केली. डीजीडब्ल्यूएस म्हणून मुलींच्या खेळांचं बघणारी एक संस्था होती, शाळा-कॉलेजांतल्या पीटीच्या बायकांची, तिचा पाठिंबा होता. नाव पण सरळ मुलांच्या स्पर्धेवरून, पुढे फक्त वुमेन्स जोडलं. आता तारीख बघा. कॉलेजात मुलींना खेळाची समान संधी द्या असं सांगणारा टायटल नाइन हा कायदा आला जून १९७२ मध्ये. म्हणजे कायद्याच्या तीन वर्षं आधी, कोणी जबरदस्ती केलेली नसताना, मागे पैसा नाही, टीव्ही तर सोडाच, ही स्पर्धा सुरू झालेली होती.

क्लॉसनबाईंबद्दल थोडं जास्त लिहितो कारण त्यांचं नाव या यादीत कुठेच दिसत नाही. ओमाहा युनिव्हर्सिटीत मुलींचे संघ सुरू करण्याचं काम त्यांनी केलं, तेही शिकवण्याची नोकरी सांभाळून. नोकरी एक, कामं दहा, कोच त्याच, मॅनेजर त्याच, आणि ही स्पर्धा भरवणाऱ्या पण त्याच. आणि गंमत बघा, १९७५ साली ती स्पर्धा त्यांच्याच ओमाहा युनिव्हर्सिटीच्या मुलींनी जिंकली, कोच अर्थात क्लॉसन. आज युनिव्हर्सिटीच्या नव्या सॉफ्टबॉल मैदानाला त्यांचं नाव आहे, कॉनी क्लॉसन फील्ड. आम्ही पोरांना घेऊन जातो कधीतरी, एप्रिलमध्ये वाऱ्याने हाडं गोठतात तिथे, ब्लँकेट गुंडाळून मॅच बघायची आणि वर नाचोज गार व्हायच्या आत संपवायचे.

१९६९ ते १९७९ ही स्पर्धा ओमाहात झाली, मग दोनेक वर्षं ओक्लाहोमातल्या नॉर्मनला गेली, १९८२ ला एनसीएएची म्हणून परत इथे आली आणि १९८७ पर्यंत सेमूर स्मिथ पार्कमध्ये व्हायची. त्यानंतर कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, आणि १९९० पासून ओक्लाहोमा सिटी, मध्ये १९९६ चं एक वर्ष जॉर्जियात कोलंबसला, बाकी तिथेच. म्हणून आजच्या पोरींना वाटतं ही स्पर्धा जन्मापासून ओक्लाहोमाचीच. इथल्या म्हाताऱ्या लोकांसमोर तसं बोलून बघा एकदा.

वाहूबद्दल रात्री लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

कट्टेकरी

स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेची यादी १९८२ पासून आहे ना? मग विषय संपला की राव. त्याआधीचं म्हणजे हौशी स्पर्धा, ज्याला यायचं त्याने आपल्या गाडीने या आणि खेळा. तसं म्हटलं तर आमच्या गावात पण गणपतीत टेनिस बॉलची ऑल इंडिया ट्रॉफी होते, बॅनरवर तसंच लिहिलेलं असतं. सिरियसली विचारतोय, खवचटपणा नाही, की १९६९ ला किती राज्यांतून टीम आल्या असतील? बाजूच्या गावातलं कॉलेज तीनदा जिंकतं यातच सगळं आलं.

शॉर्टस्टॉप_जळगाव

@ओमाहाकर दादा, खूप धन्यवाद, क्लॉसनबाईंचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. रात्रीची वाट बघतेय.

@कट्टेकरी खवचटपणा नाही म्हणता आणि गणपतीची ट्रॉफी काढता 😄 पण आमच्या ग्रुपवरचा दुसरा तट अगदी हेच म्हणतोय, फक्त गणपतीऐवजी त्यांनी नवरात्र म्हटलं.

स्कोअरबुक

कट्टेकरी, तुमच्या प्रश्नात दम आहे पण उत्तर तुम्ही समजताय तसं नाही. मला या आकडेमोडीचा नाद आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं स्पर्धा छोटी आणि बरीचशी खुली होती हे मान्य. पात्रता फेऱ्या वगैरे नंतर बसत गेल्या. पण १९७१ मध्ये एआयएडब्ल्यू म्हणून संघटना निघाली, कॉलेजातल्या मुलींच्या खेळांसाठी, आणि ती चालवायच्या बायकाच. १९७२-७३ पासून वेगवेगळ्या खेळांच्या राष्ट्रीय चॅम्पियनशिप ती घ्यायला लागली, सॉफ्टबॉलची ओमाहातली ही स्पर्धा पण तिच्याकडे आली. तेव्हा एनसीएएला मुलींच्या खेळात काडीचा रस नव्हता. रस नव्हता हे सौम्य शब्दात झालं, टायटल नाइन आल्यावर कॉलेजच्या खेळांना, म्हणजे मुख्यतः त्यांच्या अमेरिकन फुटबॉलला, त्यातून कसं वगळता येईल यासाठी त्यांनी जोर लावला होता. म्हणजे १९८२ च्या आधी 'अधिकृत' राष्ट्रीय स्पर्धा होती, फक्त अधिकार वेगळ्या संघटनेचा होता. एनसीएएची यादी १९८२ पासून सुरू होते कारण एनसीएए स्वतः १९८२ ला आली. ती तिची स्वतःची यादी आहे, खेळाची नाही.

आता त्या काळात जिंकलं कोण ते बघा. १९७२ आणि ७३ ॲरिझोना स्टेट, ७४ साउथवेस्ट मिसूरी स्टेट, ७५ नेब्रास्का-ओमाहा (वर आलंच), ७६ मिशिगन स्टेट, ७७ नॉर्दर्न आयोवा, ७८ यूसीएलए (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी), ७९ टेक्सस वुमन्स युनिव्हर्सिटी, ८० आणि ८१ यूटा स्टेट. कट्टेकरीसाहेब, ॲरिझोना ते नेब्रास्का म्हणजे बाजूचं गाव नाही. आणि १९७२ ला तर टोकियोहून जपानी मुलींची टीम पण ओमाहात येऊन खेळली होती. गणपतीच्या ट्रॉफीला जपानहून कोणी आल्याचं ऐकिवात नाही.

या यादीत मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे की यातली निम्मी नावं नंतर कुठेच दिसत नाहीत. टेक्सस वुमन्स, नॉर्दर्न आयोवा, ओमाहा. ही मोठ्या फुटबॉलवाली, पैसेवाली कॉलेजं नव्हती. तिथे पीटीचा विभाग तगडा होता, शिक्षिका तगड्या होत्या, म्हणून टीम चांगली. एआयएडब्ल्यूचं धोरणच तसं होतं, सुरुवातीला तर खेळाडूंना खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा द्यायची नाही असा नियम होता, का तर मुलांच्या खेळात जो बाजार झालाय तो मुलींच्यात नको. १९७३ मध्ये फ्लोरिडातल्या टेनिस खेळणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या कोचने कोर्टात धाव घेतली तेव्हा तो नियम गेला. हेतू चांगला होता पण माझ्या मते चूक होती ती, मुलांना फुकट शिक्षण आणि मुलींना तत्त्व, हे कुठलं शहाणपण.

मग १९८१ च्या जानेवारीत एनसीएएच्या अधिवेशनात ठराव झाला की डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाच्या, मुलींच्या चॅम्पियनशिप आता आम्ही पण घेणार. त्यांच्याकडे पैसा. या, वेगळी वर्गणी नाही, स्पर्धेला यायचा प्रवासखर्च आम्ही देतो. कॉलेजं तिकडे पळाली, एआयएडब्ल्यूचा टीव्हीचा करार पण गेला. १९८२ ला तर एकाच वर्षी दोन दोन राष्ट्रीय विजेते झाले! एआयएडब्ल्यूची शेवटची स्पर्धा नॉर्मनला झाली, ती टेक्सस ए अँड एमने जिंकली, आणि एनसीएएची पहिली ओमाहात, ती यूसीएलएने फ्रेस्नो स्टेटला २-० हरवून जिंकली, तेही आठव्या इनिंगला जाऊन. एआयएडब्ल्यूने एनसीएएवर मक्तेदारीची केस टाकली, हरली, आणि दुकान बंद.

तर शॉर्टस्टॉपताई, तुमच्या ग्रुपला सांगा की दोघी बरोबर आहेत. एनसीएएच्या चॅम्पियनशिप विचारल्या तर ॲरिझोना स्टेट दोन, नॅशनल चॅम्पियनशिप विचारल्या तर चार. माझं मत विचाराल तर चार.

कट्टेकरी

टोकियोची टीम माहीत नव्हती, ते एक सोडा. पण दोघी बरोबर म्हणजे कसं, अशाने कोणीही उठून आपली ट्रॉफी मोजायला घालेल. कुठेतरी रेघ मारायलाच लागते ना?

स्कोअरबुक

रेघ मारा की, पण कुठे मारताय ते बघून. आपल्याकडचं उदाहरण देतो. भारतात बायकांचं क्रिकेट बीसीसीआयने ताब्यात घेतलं २००६ मध्ये. त्याआधी १९७३ पासून डब्ल्यूसीएआय नावाची वेगळी संघटना ते चालवायची, पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली होती १९७३ ला, मोजून तीन टीम होत्या, मुंबई, महाराष्ट्र आणि यूपी. मग डायना एडलजी आणि शांता रंगास्वामी यांनी १९७६ ला वेस्ट इंडिजविरुद्ध ज्या टेस्ट खेळल्या त्या धरायच्या नाहीत का? बीसीसीआय नव्हतं ना तेव्हा. कोणी म्हणतं का असं? सगळ्या रेकॉर्डबुकात त्या टेस्ट आहेत. मग ओमाहातल्या मुलींनीच काय घोडं मारलंय.

कट्टेकरी

हे पटलं. पण १९६९ ते ७१ बद्दल मी अजून साशंक आहे हे नोंदवून ठेवतो.

पीटीसर_अमरावती

छान धागा. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे, सॉफ्टबॉलच्या मुली बऱ्याच घडवल्या, दोन-तिघी आज पाच टक्के खेळाडू आरक्षणातून सरकारी नोकरीत आहेत. तुम्ही खेळ कसा असायचा ते विचारलं आणि सगळे कोर्टकचेऱ्यांत शिरलेत म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, तो फास्टपिच, म्हणजे अंडरआर्मच पण जोरात बॉल टाकायचा प्रकार. आपल्याकडे पाहणाऱ्याला अंडरआर्म म्हटलं की हसू येतं, लहान पोरांना टाकतात तसं काहीतरी वाटतं. विंडमिल पिचिंगमध्ये हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो, पाय लांब पुढे झेपावतो, आणि बॉल सुटतो कमरेखाली, मनगट मांडीपाशी येऊन झटका देतं तेव्हा. चांगल्या पिचरच्या निकरची उजवी बाजू बघा, तिथे कापड घासून पांढरं पडलेलं असतं. आता अंतर. त्या काळात मुलींच्या पिचिंगचं अंतर ४० फूट होतं, म्हणजे साधारण १२.२ मीटर. ताशी ९५ किलोमीटरने आलेल्या बॉलला तेवढं अंतर कापायला अर्धा सेकंदही लागत नाही. क्रिकेटमध्ये बोलरच्या हातातून बॅट्समनपर्यंत तेवढ्याच वेळात बॉल यायचा तर तो १४० च्या आसपास टाकावा लागेल. आणि इथे बॉल टप्पा घेत नाही, हवेतच वर किंवा खाली वळतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॉलेजवाल्यांनी अंतर ४३ फूट केलं ते उगाच नाही, बॅटरला बिचारीला काही करताच येत नव्हतं.

म्हणूनच त्या जुन्या मॅचचे स्कोअर बघाल तर १-०, २-० असेच खूप दिसतात. बॉल पांढरा असायचा, आजचा चमकदार पिवळा नव्वदच्या दशकात आला. एक धाव काढायची म्हणजे बंट करा (बॅट नुसती आडवी धरून बॉल जवळच पाडा), बेस चोरा, पुन्हा बंट करा. मला स्वतःला तोच खेळ आवडतो, आजकाल ओक्लाहोमाच्या मुली होमरनवर होमरन मारतात ते बघायला बरं वाटतं पण त्यात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरला, काम काय? (ताई, तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय.)

त्या काळातली एक मॅच सांगतो. १९७३ ची फायनल, ॲरिझोना स्टेट विरुद्ध इलिनॉय स्टेट. सॉफ्टबॉलची मॅच सात इनिंगची. ही गेली सोळा इनिंग! दोन मॅचपेक्षा जास्त एकाच मॅचमध्ये. शेवटी ॲरिझोना स्टेट ४-३ ने जिंकली. इलिनॉय स्टेटकडून पिचिंग करत होती मार्जी राइट. नाव लक्षात ठेवा, कारण तीच पुढे फ्रेस्नो स्टेटची कोच झाली आणि १९९८ ला तिने एनसीएए चॅम्पियनशिप जिंकून दाखवली. खेळाडू म्हणून जी ट्रॉफी सोळाव्या इनिंगला हातातून गेली ती पंचवीस वर्षांनी कोच म्हणून घेतली. आता कट्टेकरी म्हणणार की १९७३ ची मोजायची नाही. मग तिची हार पण मोजायची नाही का?

या मुली आल्या कुठून हे पण समजून घ्या. कॉलेजात सॉफ्टबॉल येण्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेत कंपन्यांच्या आणि गावांच्या महिला टीम होत्या. कनेटिकटमधली रेबेस्टॉस ब्रेकेट्स ही ब्रेक बनवणाऱ्या कंपनीची टीम, तिच्यात जोन जॉइस नावाची पिचर होती जिच्यापुढे १९६१ ला टेड विल्यम्ससारखा बेसबॉलचा दादा बॅट्समन नुसता बॅट फिरवत राहिला होता. म्हणजे खेळाचा दर्जा आधीच होता, कॉलेजांनी नंतर दार उघडलं. १९६९ च्या स्पर्धेला हौशी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शॉर्टस्टॉप_जळगाव

सर, नमस्कार. निकरचं वाचून इतकी हसले, आमच्या पिचरची आई दर महिन्याला तिथे ठिगळ लावून द्यायची!! आणि शॉर्टस्टॉपला काम काय हे तर अगदी मनातलं बोललात. सोळा इनिंगचं ग्रुपवर टाकलंय, आमची ती पिचर म्हणतेय की मी असते तर नवव्या इनिंगलाच खांदा काढून बेंचवर ठेवला असता.

ओमाहाकर

आता वाहू. उशीर झाला, घरी पाहुणे आले होते.

वाहू हे ओमाहाच्या पश्चिमेला, गाडीने तासाभराच्या आत येणारं छोटं गाव, चारी बाजूंना मका आणि सोयाबीन. १९६५ च्या सुमाराला मिडवेस्टमध्ये एक लाट आली होती, छोट्या गावांतले व्यापारी, बँकवाले, दुकानदार एकत्र येऊन आपल्या गावात खाजगी कॉलेज काढायचे. आयोवातल्या पार्सन्स कॉलेजचा नमुना डोळ्यासमोर होता, दुसरीकडे प्रवेश न मिळालेल्या मुलांना घ्या, फी घ्या, गावाचा धंदा वाढेल. नेब्रास्कात अशी तीन निघाली, त्यातलं एक वाहूचं, आणि अध्यक्षांच्या हत्येला दोनच वर्षं झालेली म्हणून नाव जॉन एफ. केनेडी कॉलेज. व्हिएतनामचे दिवस, कॉलेजात नाव असलं की लष्करभरती पुढे ढकलता यायची, त्यामुळे मुलं पण मिळत होती. ती हवा ओसरली आणि ही कॉलेजं एकेक करून बसली. वाहूचं १९७५ ला बंद पडलं. उणंपुरं दहा वर्षांचं आयुष्य, आणि त्यात तीन राष्ट्रीय चॅम्पियनशिप.

आता कट्टेकरींची शंका की बाजूच्या गावातलं म्हणून जिंकलं. मला उलट वाटतं. या छोट्या कॉलेजने मुलींच्या खेळावर तेव्हा लक्ष दिलं जेव्हा मोठ्या युनिव्हर्सिट्या ढुंकून बघत नव्हत्या. आणि फक्त सॉफ्टबॉल नाही. १९७३ ला, पिंगपाँगच्या खेळाडूंच्या चीन दौऱ्यानंतर अमेरिका आणि चीनमध्ये खेळाडूंची ये-जा सुरू झाली तेव्हा अमेरिकेतून बास्केटबॉल खेळायला मुलींची जी टीम चीनला गेली ती याच वाहूच्या कॉलेजची होती. अख्ख्या अमेरिकेतून. दोन वर्षांनी कॉलेजला कुलूप.

आणि याचा परिणाम यादीवर झालाय बघा. ॲरिझोना स्टेट आपल्या ७२-७३ च्या ट्रॉफ्या सांगते कारण ती आहे, तिची वेबसाइट आहे, तिचा स्टाफ आहे. यूसीएलए आपली १९७८ ची सांगते. मिशिगन स्टेट १९७६ ची सांगते. वाहूच्या तीन कोण सांगणार? कॉलेजच नाही तर माजी विद्यार्थ्यांचं ऑफिस कुठलं आणि वेबसाइट कुठली.

कट्टेकरी

बरं बाबा, चीनपर्यंत गेलात तुम्ही लोक. वाहूला माझ्याकडून दीड ट्रॉफी. यापुढे बोली वाढवणार नाही.

पीटीसर_अमरावती

ओमाहाकर, हे कॉलेजांचं प्रकरण आपल्याकडच्या काही खाजगी कॉलेजांच्या सुळसुळाटासारखंच दिसतंय की! फरक इतकाच की आपल्याकडच्या कितींनी मुलींची टीम काढली? एका कॉलेजात माझी एक विद्यार्थिनी होती, राज्य पातळीची कॅचर. तिला कॅचरचा मास्क द्यायला पैसे नाहीत म्हणाले, आणि त्याच वर्षी गेटवर कमान बांधली. जाऊ दे.

शॉर्टस्टॉप_जळगाव

सर, मास्कशिवाय कॅचर?? अंगावर काटा आला. विंडमिलच्या मागे मास्कशिवाय बसायचं म्हणजे.

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. ग्रुपवर मी असं लिहिलंय की स्पर्धा १९६९ पासून ओमाहात, पहिली तीन वर्षं वाहूचं केनेडी कॉलेज, मग एआयएडब्ल्यूचा काळ, १९८२ पासून एनसीएए, आणि ॲरिझोना स्टेटच्या नॅशनल चार, त्यातल्या एनसीएएच्या दोन. दोन्ही तटांनी अंगठा दिला आणि मला वाटलं मिटलं. तर अर्ध्या तासात नवीन भांडण. एकीने विचारलं की मग यूसीएलएच्या किती, बारा की तेरा की चौदा? कारण १९७८ ची धरली तर एक वाढते, पण कोणीतरी म्हणतंय १९९५ ची काढून घेतली होती. @स्कोअरबुक हे खरं आहे का?

स्कोअरबुक

खरं आहे. १९९५ ला मैदानावर जिंकली यूसीएलएच, पण नंतर स्कॉलरशिपच्या नियमात गडबड सापडली, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त स्कॉलरशिप सॉफ्टबॉलच्या मुलींना दिल्या होत्या, तर एनसीएएने ते जेतेपद रद्द केलं. त्यामुळे एनसीएएच्या बारा, १९७८ ची एआयएडब्ल्यूची धरून तेरा. चौदा म्हणायचं असेल तर यूसीएलएचा टीशर्ट घालून म्हणावं लागेल.

१९९५ वर मात्र इथे सुरू करू नका, त्यात ऑस्ट्रेलियाची पिचर ऐन सीझनमध्ये आणून खेळवल्याचं मोठं रामायण आहे, त्याला वेगळा धागा लागेल. काढा तुम्ही, मी येतो.

कट्टेकरी

काढा काढा. मी आधीच सांगून ठेवतो, मोजायची नाही.